केरबा अस्वलाचं आवरलेलं गॅरेज

एका जंगलात एक गॅरेज होतं.

मुलांनो, गॅरेज म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी ठेवायला बांधलेली जी खोली गाडी सोडून बाकी सगळ्या वस्तूंनी भरलेली असते, तिला गॅरेज म्हणतात. ज्यांच्याकडे गाडी नसते त्यांच्याकडे पोटमाळा असतो. ज्यांच्याकडे पोटमाळाही नसतो ते पलंगाखाली ठेवतात. तेव्हा मागच्या रांगेत बसून कोणी हसू नका. तुमच्या पलंगाखाली काय आहे ते मला माहीत आहे.

तर हे गॅरेज केरबा नावाच्या अस्वलाचं होतं. केरबा टेकडीवरच्या गुहेत राहायचा, बायकोबरोबर. बायकोचं नाव सगुणा. गुहेला बावीस पायऱ्या होत्या आणि पायऱ्या उतरलं की खाली सपाटीवर हे गॅरेज. जागा मोठी छान होती. सकाळचं ऊन थेट दारात यायचं, जमीन कोरडी होती आणि झरा दहा पावलांवर होता. केरबाची गाडी मात्र बाहेर जांभळाच्या झाडाखाली उभी असायची. वानरं तिच्या टपावर घसरगुंडी खेळायची.

गॅरेजमध्ये काय होतं? काय नव्हतं ते विचारा. झाकण हरवलेला एक मिक्सर होता आणि मिक्सर हरवलेलं एक झाकण होतं. ती दोन्ही एकमेकांना बसत नव्हती. वाळून दगड झालेल्या रंगाचे नऊ डबे होते. गुहेत फरशी बसवली तेव्हा उरलेल्या अकरा फरशा होत्या, त्यांतल्या चार फुटक्या. सात वर्षांची गणपतीची मखरं होती. टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता, पण तो ज्या खोक्यातून आला ते खोकं होतं, आणि खोक्यातला थर्माकोलही होता. लग्नात आहेर आलेली सोळा भिंतीवरची घड्याळं होती. एकही चालत नव्हतं आणि प्रत्येकात वेगळी वेळ झाली होती.

केरबा वाईट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. फक्त एखादी वस्तू टाकायची वेळ आली की त्याच्याच्यानं ती टाकवायची नाही. तो ती हातात घ्यायचा, उलटीसुलटी करून बघायचा आणि म्हणायचा, "असू दे. लागेल कधीतरी." त्याचा बापही असंच म्हणायचा. बापाच्या वस्तू खालच्या थरात होत्या, आणि त्यात बापाचा सायकलला हवा भरायचा पंप होता. सायकल गेली, बापही गेला. पंप राहिला.

दिवाळी नुकतीच सरली होती. एका सकाळी कावळा निरोप घेऊन आला. सगुणेची आई डोंगरापलीकडे एकटी राहायची. ती झऱ्यावर पाय घसरून पडली होती. हाड काही मोडलं नव्हतं, पण उचलायला कोणी नव्हतं, म्हणून दुपारपर्यंत ओल्यातच बसून राहिली होती.

सगुणेनं हातातली परात खाली ठेवली.

"आईला इकडे आणायचं," ती म्हणाली. "तिच्यानं पायऱ्या चढवायच्या नाहीत. खालचं गॅरेज तिला रिकामं करून द्या."

केरबाला सासूबद्दल माया होती. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेली होती. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा सगळे त्याच्या आखूड पायांकडे बघत होते. सासूनं मात्र विचारलं होतं, "जावईबापू, जेवलात का?" केरबा ते विसरला नव्हता.

"आणूया की," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आत आणूया. गॅरेज तेवढं आवरतो."

मुलांनो, आता जरा लक्ष द्या. सगुणा म्हणाली रिकामं करा. केरबा म्हणाला आवरतो. आपण दोघं एकच बोललो असं दोघांनाही वाटलं, आणि सगुणा पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी केरबा कंबर कसून गॅरेजात शिरला. खालच्या थरात हात घातल्याघातल्या त्याला बापाचा पंप सापडला. तो पंप मांडीवर घेऊन बसला. दुपारी सगुणा जेवायला बोलवायला आली तेव्हाही बसलेलाच होता. आठ दिवसांत त्यानं एक फुटकी बादली बाहेर काढली. नवव्या दिवशी दव पडतंय म्हणून ती परत आत घेतली.

त्याच सुमारास जंगलात सुगरणताईचं शिबिर भरलं. शिबिराचं नाव होतं 'मोकळं घर, मोकळं मन'. सुगरणताईचं स्वतःचं घर एका खोलीचं होतं आणि त्यात गवताशिवाय काही नव्हतं. म्हणून तिला या विषयातलं फार कळायचं.

"तीन ढीग करा," सुगरणताई फांदीवरून म्हणाली. "ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं. आणि एक लक्षात असू द्या. जी वस्तू वर्षभरात हाताळली नाही, ती तुमची नाही."

केरबानं सगळं लिहून घेतलं. घरी येऊन त्यानं तीन ढीग केले. दुपारी चौथा केला. चौथ्याचं नाव होतं 'बघू'. संध्याकाळपर्यंत पहिले तीन ढीग चौथ्यात गेले. टाकायच्या जागी फक्त एक केरसुणी उरली, तीही सगुणेनं झाडायला म्हणून आणून टेकवलेली.

राहिला वर्षभराचा नियम. तर ढीग करताना केरबानं सगळ्याच वस्तू हाताळल्या होत्या. त्यामुळे त्या सगळ्या पुन्हा एका वर्षासाठी त्याच्या झाल्या.

सुगरणताई स्वतः पाहणी करायला आली. मधाचं पोळं फी म्हणून आधीच घेतलं होतं, तेव्हा तिला काहीतरी सांगणं भाग होतं.

"केरबाअण्णा, टाकवत नसेल तर टाकू नका," ती म्हणाली. "पण मग वर्गवारी करा. प्रत्येक वस्तूला जागा हवी आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी हवी."

हे ऐकलं आणि केरबाचा चेहरा उजळला. टाकायचं काही नाही, नुसतं लावायचं. हेच तर त्याला जन्मभर हवं होतं.

त्यानं सुतारपक्ष्याला बोलावलं. सुतारपक्ष्यानं जमिनीपासून छपरापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या ठोकल्या. भिंती संपल्या तेव्हा मधोमध उभ्या केल्या. केरबानं धावड्याचा डिंक उकळला. हा डिंक एकदा लागला की धुतला तरी निघत नाही. मग त्यानं टाक घेतला आणि वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहायला बसला.

'तारा, लांब.' 'तारा, आखूड.' 'दोऱ्या, बांधता येतील अशा.' 'दोऱ्या, बांधता न येणाऱ्या.' 'खिळे, वाकडे.' 'खिळे, सरळ करून ठेवलेले.' 'कशाचं आहे ते आठवत नाही.' आणि सगळ्यांत मोठ्या फळीवर, 'कधीतरी लागेल.' तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यानं एकेका वस्तूलाही क्रमांक घालून चिठ्ठी चिकटवली. मिक्सर होता क्रमांक चारशे बारा.

मार्गशीर्षात सगुणा एकदा खाली येऊन गेली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अहो, आईची खाट कुठं येणार?"

"येईल गं. आधी सगळं मनासारखं लागू दे. मग जागा आपोआप दिसेल."

पौष लागला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. केरबा तेव्हा वाकडे खिळे लांबीप्रमाणे लावत होता. "बघू," तो म्हणाला.

दरम्यान गॅरेजची कीर्ती पसरली. लांबलांबचे प्राणी बघायला येऊ लागले. "काय टापटीप आहे," ते म्हणायचे, आणि म्हणता म्हणता बगलेतलं काहीतरी पुढे करायचे. "अण्णा, तुमच्याकडे एवढी सोय आहे, तर आमचा हा पंखा राहू दे चार दिवस." केरबाला नाही म्हणवायचं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटायचं. शेवटी पंचायतीनं त्याला 'आदर्श गॅरेज' म्हणून शाल, श्रीफळ आणि एक लाकडी सन्मानचिन्ह दिलं. सन्मानचिन्हाला जागा हवी होती. ज्या कोपऱ्यात खाट बसण्याची थोडी आशा होती, तिथं आणखी एक फळी आली.

संक्रांतीला आठ दिवस उरले. सगुणेनं टपावरच्या वानरांना हुसकावलं, गाडी सुरू केली आणि एकटीच डोंगरापलीकडे गेली. परत आली तेव्हा शेजारच्या बैठकीवर तिची आई होती. सोबत एक गाठोडं आणि एक पितळी तांब्या. तेवढंच तिचं सामान होतं.

म्हातारी लेकीच्या खांद्याला धरून उतरली आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली. केरबा हातात डिंकाची कुंची घेऊन पुढे झाला. त्याला वाटलं, आता सासूबाई कौतुक करणार.

"लई मन लावून केलंय, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. हितं काय लिवलंय?"

"कधीतरी लागेल."

"आन् हितं?"

"आठवण म्हणून."

"आन् त्या वरच्या फळीवर?"

"वर्षभरात न हाताळलेलं," केरबा अभिमानानं म्हणाला. "ती वर्गवारी नवी आहे."

म्हातारीनं जरा विचार केला.

"तुम्ही दोघं मला भेटायला येऊन दोन वरसं झाली," ती म्हणाली. "मग मी त्याच फळीवर बसू का?"

ती रागावली नव्हती. पंगतीत कुठल्या पाटावर बसू, असं विचारावं तसं तिनं विचारलं. केरबानं त्या फळीकडे पाहिलं. तिथं रंगाचे नऊ डबे होते. सगुणेनं तोंड फिरवलं, आणि केरबाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गॅरेजात उभं राहायची लाज वाटली.

म्हातारीची सोय गाडीतच करावी लागली. मागच्या बैठकीवर गोधडी अंथरली. पौषाची थंडी, तिचे दुखरे गुडघे आणि वर वानरांची घसरगुंडी. ती तक्रार करत नव्हती. तिनं तक्रार केली असती तर केरबाला बरं वाटलं असतं.

केरबाला भाकरी गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजात जाऊन आतून दार लावलं. आज टाकायचंच, असं त्यानं ठरवलं. पहिल्यांदा पंप उचलला. दारापर्यंत नेला. मग परत नेऊन फळीवर ठेवला. हे त्यानं चार वेळा केलं. शेवटी तो खाली बसला आणि त्याला रडू आलं. सासूसाठी आलं की पंपासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बाहेर म्हातारी गाडीच्या दारात पाय सोडून बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. तिनं लेकीला हाक मारली.

"सगुणे, तुमच्या जंगलात हळदीकुंकू करत्यात का?"

"करतात की. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे असतंच."

"यंदा वाण काय देणार हाईस?"

"अजून काही आणलं नाही. या गडबडीत कुठं सुचतंय?"

म्हातारीनं गॅरेजकडे पाहिलं.

"आणायचं कशाला?" ती म्हणाली.

केरबाला बोलावणं गेलं. तो डोळे पुसून आला.

"जावईबापू, मी तुम्हाला काय बी टाकायला सांगत न्हाई," म्हातारी म्हणाली. "टाकायचं न्हाईच. लुटायचं."

केरबानं विचार केला. टाकणं वेगळं आणि वाण लुटणं वेगळं. टाकलेली वस्तू उकिरड्यावर जाते. लुटलेल्या वस्तूला हळदकुंकू लागतं. शिवाय वाणाची एक गंमत आहे, मुलांनो. वाण घेताना कोणी नको म्हणत नाही. तुमच्या आईनं कधी म्हटलेलं ऐकलंय?

"चालेल," केरबा म्हणाला. पण पंपाकडे बघून म्हणाला, त्यामुळे आवाज बारीक निघाला.

संक्रांतीच्या दिवशी अख्ख्या जंगलातल्या बायका नटूनथटून आल्या. गोदाकाकू वानरीण आली, हरिणी आल्या, साळिंदरीण आली, हत्तीण आली. म्हातारीचा म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हा तिनं पुढं पुढं करावं की नाही, अशी दोघी-तिघींत कुजबुज झाली. म्हातारीनं दाराशी पाट मांडला आणि ठाण मांडून बसली. हळदकुंकू सगुणेनं लावलं, तिळगूळ सगुणेनं दिला. वाण म्हातारीनं दिलं.

गोदाकाकूच्या पदरात झाकण नसलेला मिक्सर पडला.

"अगंबाई, मिक्सर," गोदाकाकू गोड हसून म्हणाली. "गेल्या वर्षी सगळीकडे नुसत्या प्लॅस्टिकच्या चाळण्या होत्या."

साळिंदरणीला सोळा घड्याळं मिळाली. तिला बारा पिल्लं होती, त्यामुळे काही उरणारच होती. हत्तिणीनं अकराही फरशा सोंडेत घेतल्या. मखरं, डबे, तारा, दोऱ्या, वाकडे खिळे, सगळं हळदकुंकू लावून गेलं. चार दिवसांसाठी ठेवलेले पंखेही गेले. ते ज्यांचे होते त्यांच्याच घरी गेले, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

केरबा जांभळाच्या आड उभा होता. एकेक वस्तू बाहेर पडताना तो तिचा क्रमांक पुटपुटायचा. सगळ्यांत शेवटी एक हरिणी बापाचा पंप शिंगांना लागू न देता जपून घेऊन गेली. शिंगं तिला नव्हतीच, पण शिंगंवाल्या नवऱ्याच्या घरात जपून चालायची तिला सवय होती. केरबानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा त्याला गॅरेजची जमीन दिसली. ती तांबडी होती. हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारातून आत गेलं ते थेट मागच्या भिंतीपर्यंत. मधल्या फळ्या सुतारपक्ष्यानं काढून टाकल्या होत्या आणि तिथं म्हातारीची खाट होती. फळीवर एकटा पितळी तांब्या. म्हातारी गुडघे उन्हात धरून बसली होती. केरबा दारात घुटमळला.

"जावईबापू, जेवलात का?" म्हातारीनं विचारलं.

केरबा न जेवताच आला होता. तो खाली तांबड्या जमिनीवर बसला आणि म्हातारीच्या हातची अर्धी भाकरी त्यानं खाल्ली. त्याला फार बरं वाटलं.

गोष्ट इथं संपली असती तर तुम्ही लवकर झोपला असता. पण रथसप्तमी अजून लांब होती.

पहिलं बोलावणं गोदाकाकूचं आलं. बोलावणं आलं की जावं लागतं. सगुणा गेली आणि परत आली तेव्हा हातात काहीतरी रुमालानं झाकलेलं होतं. केरबानं रुमाल काढला. आत झाकण नसलेला मिक्सर होता. बाजूला वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'क्रमांक चारशे बारा. कधीतरी लागेल.'

दुसऱ्या दिवशी साळिंदरणीकडून चार घड्याळं आली. तिसऱ्या दिवशी हत्तीण फरशा घरपोच करून गेली. आता त्यांतल्या पाच फुटक्या होत्या. मुलांनो, म्हातारीला जे सुचलं ते जंगलातल्या प्रत्येक बाईला सुचलं होतं. आणायचं कशाला? त्यात नव्या चाळण्या आल्या, साबणाच्या डब्या आल्या, कुणाच्या तरी लग्नातला फुलदाणीचा जोड आला. पण केरबाची प्रत्येक वस्तू ओळखू येत होती. धावड्याचा डिंक, एकही चिठ्ठी निघाली नव्हती.

केरबाला दुरावलेले नातेवाईक भेटल्यासारखं झालं. "बघ," तो सगुणेला म्हणाला, "मी म्हणत होतो ना, लागेल."

"कुणाला लागलं?"

"गोदाकाकूंना लागलं की. वाण द्यायला."

सगुणेनं कपाळाला हात लावला. फळ्या भरल्या. मग भिंतीलगतची जमीन भरली. वस्तू हळूहळू खाटेच्या दिशेनं सरकत आल्या. म्हातारी रोज पाय थोडे जवळ घ्यायची.

रथसप्तमीला शेवटचं वाण आलं. बापाचा पंप. केरबा तो छातीशी धरून गॅरेजच्या दारात उभा राहिला. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जागा होती ती एकच, जिथं खाट होती तिथं.

केरबानं पंपाकडे पाहिलं. मग खाटेकडे पाहिलं. म्हातारीनं न सांगता आपलं गाठोडं उचललं आणि मांडीवर घेतलं.

"थांबा, आई," केरबा म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी आई म्हटलं नव्हतं.

तो बाहेर गेला. गाडीचं मागचं दार उघडलं आणि पंप मागच्या बैठकीवर ठेवला. मग परत आला आणि मिक्सर नेला. मग डबे नेले. संध्याकाळपर्यंत तो ये-जा करत राहिला. शेवटी गाडीत चालकाला बसायलाही जागा उरली नाही, आणि जे आत मावलं नाही ते टपावर बांधलं. बांधता येतील अशा दोऱ्या त्या दिवशी खरंच लागल्या. वानरं मात्र फार नाराज झाली.

गाडी आता कुठं जात नाही. पण जायचं होतं कुठं? जिला आणायचं होतं ती आलेली होती.

मग केरबानं डिंक उकळला. टाक घेतला. खूप वेळ विचार करून त्यानं दोनच शब्द लिहिले आणि ती चिठ्ठी खाटेच्या पायाला चिकटवली. बोटानं नीट दाबली.

"काय लिवलंत?" म्हातारीनं विचारलं.

"रोज लागते," केरबा म्हणाला.

तो डिंक निघत नाही, हे म्हातारीला माहीत होतं. तिनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं आणि त्याची गाठ सोडली.

तात्पर्य: घरातली अडगळ कधीही टाकू नये. ती मैत्रिणींना द्यावी, म्हणजे पंधरा दिवसांत हळदकुंकू लागून परत मिळते. आणि ज्यांना गॅरेज आवरायचं असेल त्यांनी आधी मोठी गाडी घ्यावी.